चेहरा सारखा, गोत्र निराळें

आमचें घर मूळचें वाशीमचें. भावाभावांचे संसार आतां चार गांवीं पांगले असले, तरी चातुर्मासांत आठ-पंधरा दिवस सर्वांनीं थोरल्या वाड्यांत जमावयाचें, हा परिपाठ आम्हीं अद्याप मोडलेला नाहीं. गेल्या वर्षींच्या बैठकीला एक विशेष निमित्त होतें. आमचे थोरले चुलते, ज्यांना सारें घर तात्या म्हणतें, यांनीं अकरा वर्षें खपून आमच्या कुळाचा वृत्तांत लिहून काढला होता, आणि तो छापखान्यांत धाडण्यापूर्वीं सर्वांसमोर वाचून दाखवावयाचा होता.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत वाचन सुरू झालें. पहिलें प्रकरण गांवाच्या आणि कुळाच्या पूर्वपीठिकेचें. त्यांत तात्यांनीं दोन गोष्टी मोठ्या अभिमानानें नमूद केल्या होत्या. पहिली अशी कीं, आमचें गोत्र वत्स आणि वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. अर्थात् हें गांव आमच्याच मूळ पुरुषानें वसविलें. दुसरी अशी कीं, शेवटले पेशवे दुसरे बाजीराव यांनीं इंग्रजांशीं जो प्रसिद्ध तह केला, तो आमच्या वाशीमांत. तात्यांच्या संग्रहीं असलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्या तहाचें स्थळ ‘बसीन’ असें दिलें आहे. आणि इंग्रजी अमदानींत सरकारी कागदांत वाशीमला ‘बासीम’ म्हणत, हें वऱ्हाडांत कोणास ठाऊक नाहीं? साहेबाला आपलीं नांवें कधींच नीट लिहितां आलीं नाहींत. मकाराचा नकार झाला, इतकेंच! पुढें त्यांनीं आणखी एक तर्क जोडला होता. आमचे एक पूर्वज त्या सुमारास वाशीमांत कारकुनी करीत होते. तेव्हां तहाचा मसुदा बहुधा त्यांच्याच हातचा असावा.

सर्वांनीं माना डोलावल्या. मुलांना तर आपले खापर-खापरपणजोबा पेशव्यांसमोर लेखणी घेऊन बसलेले दिसूंही लागले. तेवढ्यांत तात्यांची नात, जी पुण्यास भाषाशास्त्राचा अभ्यास करते, ती दाराशेजारून हलक्या आवाजांत म्हणाली, “आजोबा, तें बसीन म्हणजे वसई हो.”

माजघर एकदम शांत झालें. तात्यांनीं चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हां चढविला. “कशावरून?” एवढेंच त्यांनीं विचारलें. त्या एका प्रश्नाचें उत्तर पुढें चार रात्री पुरलें. त्या चार रात्रींत जें निघालें तें सर्वच सुशिक्षित घरांना उपयोगी पडेलसें वाटतें, म्हणून या महिन्याचीं पानें त्यालाच देत आहें.

प्रथम बसीनची हकीकत. कोंकणांतील वसई हें नांव बहुधा ‘वसति’ या शब्दापासून आलेलें आहे. पोर्तुगीजांनीं तें ठाणें 1534 सालीं घेतलें आणि आपल्या जिभेला वळेल तसें त्याचें ‘बासाइं’ केलें. इंग्रजांनीं त्यावरून ‘बसीन’ केलें. 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं जिंकलें तें हेंच, आणि 31 डिसेंबर 1802 रोजीं बाजीरावांनीं तहावर सही केली तीही येथेंच. इकडे ब्रह्मदेशांत इरावतीच्या मुखाजवळ ‘पथेइन’ नांवाचें एक शहर आहे. इंग्रजांनीं त्यालाही ‘बसीन’च म्हटलें, आणि वसईच्या व त्या शहराच्या इंग्रजी अक्षरांत काडीचाही फरक ठेवला नाहीं. तिसरें आमचें वाशीम, म्हणजे बासीम. तीन गांवें, तीन निराळीं मुळें. केवळ एका परक्या कारकुनाच्या लेखणीनें तिघांना एका रांगेंत बसविलें.

एवढ्यानें तरी भागतें काय? ‘बासिम’ हें अरबींत विशेषनाम आहे. त्याचा अर्थ ‘हंसतमुख’. ‘वसीम’ हेंही अरबी नांव. त्याचा अर्थ ‘देखणा’. रोमन लिपींत वाशीमच्या जुन्या स्पेलिंगाशीं एक जुळतें, नव्याशीं दुसरें जवळजवळ जुळतें. म्हणून आमचें गांव कोणा हंसतमुख सरदारानें वसविलें, असें उद्यां कोणी लिहिलें, तर त्याला आपण वेड्यांत काढूं. मग बसीन आणि बासीम यांची गांठ मारणाऱ्यास काय म्हणावें?

हें ऐकून तात्या कांहींसे चिडले. “म्हणजे सारखेपणाला कांहीं किंमतच नाहीं काय?” ते म्हणाले. “पितर आणि फादर, भ्रातर आणि ब्रदर, हें सारें आम्हीं शाळेंत शिकलों तें खोटें?”

“तें खरें आहे, आजोबा,” नात म्हणाली. “पण तें चेहऱ्यावरून ठरलेलें नाहीं.”

येथें मला आपल्या घरांतलाच एक दाखला आठवला, आणि तोच वाचकांपुढें ठेवतों. देशपांडे, कुळकर्णी, जोशी हीं आडनांवें गांवोगांव आढळतात. आडनांव एक म्हणून दोन देशपांडे भाऊबंद ठरत नाहींत. एक देशस्थ, एक कऱ्हाडे. एक कौशिक गोत्री, एक भारद्वाज. दोघांच्या पूर्वजांकडे एकाच प्रकारचें वतन होतें, म्हणून नांव एक पडलें. रक्ताचा संबंध नाहीं. उलट मामेभावाचें आडनांव आपल्याहून अगदीं निराळें, पण नातें मात्र सख्खें. सोयरीक जुळवितांना आपण आडनांवावर विसंबतों काय? गोत्र विचारतों, कुळी विचारतों, चार पिढ्या मागें जाऊन पाहतों. शब्दांचेंही असेंच आहे. चेहरा पाहून नातें ठरत नाहीं. पिढ्या मोजाव्या लागतात.

या पिढ्या मोजण्याची विद्या फार जुनी नाहीं. युरोपच्या भाषा आणि आपल्या भाषा यांत कांहीं आप्तपणा आहे, हें ज्या युरोपियनांना पहिल्यानें जाणवलें, त्यांत ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचणारे फादर स्टीफन्स हे होते. 1583 सालीं गोव्याहून आपल्या भावास धाडलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनांसारखी दिसते असें लिहिलें. पुढें 1786 सालीं कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार विद्वानांच्या सभेंत मांडला. परंतु त्याला शास्त्राचें रूप आलें तें डेन्मार्कचे रास्क आणि जर्मनीचे ग्रिम यांच्या हातून. ग्रिमनें 1822 सालीं दाखवून दिलें कीं, उच्चार बदलतात ते लहरीनें बदलत नाहींत. ते नेमानें बदलतात. संस्कृतांत व लॅटिनांत जेथें ‘प’, तेथें इंग्रजींत ‘फ’: पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. जेथें संस्कृतांत ‘द’, तेथें इंग्रजींत ‘ट’: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. हा नेम म्हणजेच शब्दांचें गोत्र. जो शब्द या नेमांत बसतो तो आप्त. जो नुसता चेहऱ्यानें जुळतो, त्याची चौकशी करावी लागते.

आतां ही कसोटी लावून पाहूं. संस्कृत ‘पथ’ आणि इंग्रजी ‘पाथ’ यांचा उच्चार एक, अर्थ एक. पाहणारा हटकून म्हणेल, हे तर जुळे भाऊ! पण ग्रिमच्या नेमाप्रमाणें ‘पथ’ इंग्रजींत ‘फ’ नेंच उतरावयास हवा होता. म्हणून ‘पाथ’ हा ‘पथ’चा सख्खा भाऊ नव्हे. कांहीं पंडितांच्या मतें तो प्राचीन इराणी भाषेंतून जर्मन लोकांनीं उसना घेतला असावा; तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. ‘पथ’चे खरे आप्त पुष्कळांच्या मतें दोन: लॅटिन ‘पोन्स’, म्हणजे पूल, आणि इंग्रजी ‘फाइंड’, म्हणजे सांपडणें. वाट, पूल आणि सांपडणें! चेहरे किती निराळे, पण अर्थाची नाळ पहा.

तसाच ‘दिवस’ आणि इंग्रजी ‘डे’. लॅटिन ‘दिएस’ हा दिवसाचा खरा आप्त. इंग्रजी ‘डे’ नव्हे. कारण आपला ‘द’ इंग्रजींत ‘ट’ व्हावयास पाहिजे. ‘डे’चें नातें पुष्कळ विद्वान् ‘दह्’ धातूशीं, म्हणजे उन्हाच्या दाहाशीं लावतात. गंमत अशी कीं, ज्या धातूपासून आपले ‘देव’ आणि ‘द्यौस्’ आले, त्याचा इंग्रज वंशज ‘डे’ मध्यें नसून ‘ट्यूजडे’च्या पहिल्या अर्ध्यांत आहे. ‘टीव’ हा त्या लोकांचा जुना देव. मंगळवार त्याच्या नांवाचा.

देवावरून आठवलें. लॅटिनांत ईश्वराला ‘देउस’ म्हणतात आणि ग्रीकांत ‘थेओस’. दोन शेजारी भाषा, एकच अर्थ, चेहरेही मिळतेजुळते. पण ‘देउस’ हा आपल्या ‘देवा’चा सख्खा; ‘थेओस’चा या दोघांशीं संबंध नाहीं, त्याचें मूळ निराळें. तसेंच जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’. दोहोंचा अर्थ ‘जवळ असणें’. तरीही दोन्हीं घराणीं वेगळीं, कारण लॅटिन ‘क’चा जर्मनांत ‘ह’ होतो आणि ‘हाबेन’चा आप्त लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणें, हा आहे. इंग्रजी ‘बॅड’ आणि ‘बदनाम’, ‘बदफैली’ यांतील फारसी ‘बद’ यांचा अर्थ तर तंतोतंत एक. तरी तोही निव्वळ योगायोग. गांवांच्या नांवांचेंही तेंच. स्पेनांत एक ‘गालीसिया’ आहे आणि पोलंड-युक्रेनच्या सीमेवर दुसरा. पहिला तेथील एका जुन्या जमातीच्या नांवावरून, दुसरा ‘हालिच’ नांवाच्या शहरावरून. वसई आणि वाशीम यांची गोष्ट युरोपांतही घडलेली आहे.

आमच्या काकू इतका वेळ दूध विरजीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “तुमचे ग्रीक-लॅटिन राहूं द्या, आमच्या स्वयंपाकघरांत असलें कांहीं नाहीं का?” आहे कीं! ‘पावशेर पाव आणला आणि देव पावला’, या एका वाक्यांत तीन पाव आहेत. पावशेरांतला पाव हा ‘पाद’ शब्दाचा प्राकृत अवतार. पाद म्हणजे चौथा भाग. खाण्याचा पाव पोर्तुगीजांच्या ‘पांव’ या शब्दापासून आलेला. त्याचें मूळ लॅटिन ‘पानिस’. देव पावतो तो ‘प्राप्’ या धातूपासून. पावाची कणीक पायांनीं तुडवितात म्हणून त्याला पाव म्हणतात, असें आमच्या लहानपणीं सोवळ्यांतल्या बायका सांगत, आणि त्या भीतीनें कित्येक घरांत पाव शिरला नाहीं. शब्दाच्या चेहऱ्यावरून काढलेली खोटी व्युत्पत्ति एका निरपराध पदार्थाला वाळींत टाकूं शकते, तें असें!

आमच्याच जिल्ह्यांतलें, श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मानें पावन झालेलें कारंजा लाड घ्या. त्या ‘लाड’चा मुलांच्या लाडाशीं संबंध नाहीं, लाड हे लाटदेशचे, म्हणजे दक्षिण गुजराथेकडचे लोक, असें मानतात. उलट नाताळ पहा. नाताळ आणि आपला ‘जातक’ यांच्यांत चेहऱ्याचें साम्य औषधालाही नाहीं. पण ‘नाताळ’ हा पोर्तुगीजांचा शब्द. लॅटिन ‘नातुस’, म्हणजे जन्मलेला, याच्यापासून आलेला. आणि ‘नातुस’चें जुनें रूप ‘ग्नातुस’. तो ‘ग’ आणि आपल्या ‘जात’मधला ‘ज’ हे एकाच मूळ व्यंजनाचे वंशज. म्हणजे नाताळ आणि जातक मावसभाऊ, आणि पाव आणि पाव मात्र परके!

चौथ्या रात्रीं तात्या जरा खिन्न दिसले. “तुम्हीं माझा वसईचा तह नेला,” ते म्हणाले, “आतां वत्स गोत्रही नेणार. मग माझ्या गांवाला उरलें काय?”

खरें सांगावयाचें तर या प्रश्नानें मलाही चरका बसला. अकरा वर्षें एक मनुष्य आपल्या घरासाठीं रात्रीचा दिवा जाळतो, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणावर घरचींच मुलें काट मारतात! पण छापलेलें पुस्तक आमच्या मागें चार पिढ्या राहणार. ज्यांना खरें ठाऊक आहे त्यांनीं गप्प बसावें, तर पुढच्या पोरांना परक्यांच्या सभेंत मान खालीं घालावी लागेल. नात हें सारें जाणून होती. ती आजोबांच्या शेजारीं जाऊन बसली आणि म्हणाली, “आजोबा, गांवाला काय उरतें तें ऐका तर खरे.”

तिनें मुलांना विचारलें, “संस्कृत इक्षु, त्याचें मराठी काय?” ऊस. “मत्स्य?” मासा. “मक्षिका?” माशी. “कुक्षि?” कूस. “वत्स?” वासरूं. मग तिनें मधली पायरी दाखविली. प्राकृतांत उच्छु, मच्छ, मच्छिआ, कुच्छि, वच्छ. म्हणजे संस्कृतांतील ‘त्स’ आणि ‘क्ष’ यांचा प्राकृतांत ‘च्छ’ होतो, मराठींत त्याचा ‘स’ होतो, आणि मागचा स्वर लांबतो. पुढें इकार आला कीं ‘स’चा ‘श’: म्हैस पण म्हशी, कूस पण कुशी. आतां वत्सगुल्म घ्या. राजशेखर कवीच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकांत दक्षिणापथांतील ‘वच्छोम’ नगराचा उल्लेख आहे. वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम! ऊस ज्या वाटेनें आला, वासरूं ज्या वाटेनें आलें, त्याच वाटेनें आमच्या गांवाचें नांव दीड हजार वर्षें चालत आलें आहे. साहेबाच्या स्पेलिंगाची येथें गरज पडली नाहीं. गोठा, शेत आणि आईची कूस यांनीं साक्ष दिली.

त्या काळाचा पुरावाही भक्कम आहे. 1939 सालीं वाशीम येथें एक ताम्रपट सांपडला. वाकाटक घराण्यांतील दुसरा विंध्यशक्ति यानें तो वत्सगुल्माहून दिलेला आहे. वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा मजकूर प्राकृतांत. तोंपर्यंत वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होती, हें इतिहासाला माहीत नव्हतें. याच शाखेंत पुढें हरिषेण राजा झाला, आणि त्याचा मंत्री वराहदेव यानें अजंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. राजशेखरानें तर आपल्या ‘काव्यमीमांसे’त असें वर्णिलें आहे कीं, काव्यपुरुष साऱ्या देशांतून हिंडला आणि अखेर साहित्यविद्येशीं त्याचा विवाह झाला तो विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत.

वत्स गोत्राविषयीं मात्र नातीनें स्पष्ट सांगितलें. वत्स गोत्राचे लोक आसेतुहिमाचल आहेत. कौशांबीकडे वत्स नांवाचा देशही होता. स्थानिक माहात्म्य म्हणतें कीं वत्सऋषींच्या तपामुळें हें नांव पडलें. ‘कामसूत्रा’चा टीकाकार म्हणतो कीं वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांमुळें. दोन कथा निरनिराळ्या आहेत, यावरूनच त्या दोन्हीं नांवाच्या चेहऱ्यावरून मागाहून रचलेल्या असाव्यात असें दिसतें. श्रद्धेच्या जागीं त्यांना मान द्यावा. कुळाच्या दाखल्यांत त्यांचा उपयोग करूं नये.

तात्या बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं पहिल्या प्रकरणाचीं सात पानें वेगळीं काढलीं आणि नातीच्या हातीं दिलीं. “हीं तूं लिही,” ते म्हणाले. “मला पेशवा हवा होता, तूं मला काव्यपुरुषाचें लग्न दिलेंस. मी मुलीकडचा की मुलाकडचा, तेवढें मात्र ठरवूं नकोस, म्हणजे झालें!” सारें माजघर हंसलें. कारकुनी करणारे पूर्वज पुस्तकांत राहिले आहेत. ते वाशीमांतच कारकुनी करतात, तह लिहीत नाहींत. त्यांच्या हातचीं जमाखर्चाचीं जुनीं कागदपत्रें अस्सल आहेत, आणि तेवढ्यानें त्यांची शोभा कांहीं कमी झालेली नाहीं.

आमच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरीं कुलवृत्तांताचें काम चालू आहे त्यांना, एवढीच विनंति कीं, आपल्या गांवाचें, कुळाचें किंवा एखाद्या शब्दाचें नातें कोठें जुळूं लागलें, तर आनंद जरूर मानावा. पण शाई लावण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द पूर्वीं कसा लिहीत? मधल्या पायऱ्या कोणत्या? आणि ज्या नेमानें हा बदलला असें आपण म्हणतों, त्याच नेमानें बदललेले आणखी चार शब्द दाखवितां येतात काय? हे चार साक्षीदार मिळाले कीं नातें खुशाल जाहीर करावें. ते न मिळाले, तर परक्याशीं आपण जसें वागतों तसें वागावें: आदरानें बसवावें, गुळपाणी द्यावें, परंतु वंशावळींत त्याचें नांव घालूं नये.